काच बोटाला काय सांगते

कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहिल्याशिवाय मला पायरी उतरवत नाही. कधी कधी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते आणि पुन्हा ओढते. आई म्हणायची, हिच्या जिवाला बसल्याजागी घोर. त्या घोरावरच माझं पोट चाललं, हे काही तिला शेवटपर्यंत पटलं नाही. गावी, कमठाण्यात, कुणी तिला विचारलं, तुमची विशाखा शहरात काय करती, तर ती सांगायची, "मोबाईल थरथरवती." ऐकणारा पुढं काही विचारत नसे.

तिनं सांगितलं ते चुकीचं नव्हतं. जुन्या बटणाला स्वतःचा खटका होता. बोट आत जायचं, खट् व्हायचं आणि बोटाची खात्री पटायची. मग सगळीकडं काचेचे पडदे आले. काच मेली आत जात नाही, खटका देत नाही, इथं दाबा नाहीतर तिथं दाबा, बोटाला सगळी सारखीच लागते. म्हणून काचेमागं आम्ही एक इवलीशी मोटर बसवतो. माणसानं दाबलं की ती थरथरते, सोबत बारीक आवाज करते, म्हणजे 'कळलं, झालं काम' असं बोटाला सांगते. किती जोरात थरथरायचं, किती वेळ, लगेच की जरा थांबून, हे ठरवणारी माणसं असतात. त्यातली मी एक. उत्तर यायला पापणी लवेल एवढा उशीर झाला तरी माणूस दुसऱ्यांदा दाबतो. फार हळू आलं तर कळत नाही, फार जोरात आलं तर दचकतो. नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. असल्या कामाचं कौतुक कोण करणार?

गिऱ्हाईकं मात्र एकेक भेटली. बिदरच्या एका दवाखान्यात नंबर देणारं यंत्र बसवलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्यानं पडद्याला बोट लावलं, पडदा थरथरला आणि म्हातारा ओरडत मागं सरला. बोटाला मुंग्या आल्या म्हणजे करंट, एवढं आपल्याकडं पावसाळ्यात लोखंडी खांब बघून वागणाऱ्या कुणालाही ठाऊक. मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, पायातली रबरी चप्पल काढली, हातात घातली आणि चपलेनं पडदा दाबला. काचेला चामडी लागते, रबर कळत नाही. यंत्र गप्प. म्हातारा रांगेकडं वळून म्हणाला, "करंट गेला बगा, पण मशीन बी मेली." सगळा दवाखाना हसला, मीही हसले. परत जाऊन थरथर कमी केली, आवाज वाढवला आणि तो प्रसंग चार लोकांत सांगायला ठेवून दिला. यंत्रानं दिलेला अर्थ आणि अंगानं घेतलेला अर्थ वेगळा असू शकतो, हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

गुलबर्ग्याच्या डाळमिलचं काम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. मालक शरणप्पा शेठ, हौशी माणूस. मिलमध्ये भिंतभर जुने खटके होते. ते काढून एकच मोठी काच बसवायची, म्हणजे सगळी मिल एका जागी उभं राहून चालवता येईल, असं आमच्या कंपनीनं त्यांना पटवलं होतं. काच कंपनीची, पडद्यावर काय कुठं दिसेल ते कंपनीतल्या दुसऱ्या लोकांनी ठरवलेलं, आणि बोटाला मिळणारं उत्तर माझं.

डाळमिल कधी आतून पाहिली नसेल तर सांगते. तुरीला तेल चोळतात, पाणी मारतात, वाळवतात, मग भरडतात. आवाज असा की शेजारच्याला सांगायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. जमीन पायाखाली अखंड हादरत असते. हात तेलकट, हवेत भुकटी. आवाज करावा तर ऐकू येणार नाही, थरथरावं तर सगळंच थरथरतंय. मी पहिले काही दिवस काचेवर हात ठेवून नुसती उभी राहायची. शेवटी दोन कडक ठोके द्यायचे ठरवलं, टक-टक. एकामागोमाग एक, बोटाच्या टोकावर कुणी नख मारावं तसे. तेवढेच त्या हादऱ्यातून वर येत होते. सगळ्यांना करून पाहायला लावलं, सगळ्यांना कळले. शेठनी खूश होऊन मला घरी जेवायला बोलावलं.

मिल चालवायचे दत्तूअण्णा. खटकचिंचोळीचे, पन्नाशी उलटलेली, खांद्यावर कायम पांढरा टॉवेल. आमच्या बाजूची मराठी ऐकून मला फार बरं वाटलं होतं. त्यांनीही मला मॅडम न म्हणता पहिल्या दिवसापासून अक्का म्हटलं. त्यांच्यासोबत नागप्पा होता. तूर वर चढवायला लहान लहान डब्यांचा एक पट्टा असतो, तो खाली एका खड्ड्यातून फिरतो. खड्ड्यात माल साचला की पट्टा अडतो. मग दत्तूअण्णांनी पट्टा बंद करायचा आणि नागप्पानं खाली उतरून हातानं माल मोकळा करायचा. दिवसातून केव्हाही हे चालायचं. नागप्पाची बायको शांताबाई त्याच मिलमध्ये डाळ निवडायला होती.

तूर यायला अजून अवकाश होता, जुन्या मालावर चाचणी चालू होती. एका दुपारी पट्टा अडला. दत्तूअण्णांनी काचेवर दाबलं, पट्टा थांबला. नागप्पा खड्ड्यात उतरलेलाच होता, तो वाकला आणि लगेच पट्टा पुन्हा सुरू झाला. नागप्पाच्या गळ्यातला गमछा डब्यात अडकला आणि त्याच्या मानेवरून सर्रकन निघून वर गेला. गाठ मारलेली असती तर माणूस गेला असता. दत्तूअण्णांनी पुन्हा दाबलं, पट्टा थांबला. मी काचेच्या बाजूलाच उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी बंद केलेला पट्टा त्यांनीच दुसऱ्यांदा दाबून चालू केला होता.

चालू आणि बंद करायचं बटण एकच होतं. एकदा दाबलं की बंद, परत दाबलं की चालू. घरातल्या टीव्हीला चालतं तसं. नियमाप्रमाणं सगळं एकदम बंद करणारं एक लाल बटण पलीकडच्या भिंतीवर होतं, त्याच्यापुढं पोत्यांची थप्पी लागलेली.

शेठ धावत आले. दत्तूअण्णांच्या तोंडाला वास येतो का तेही त्यांनी सगळ्यांसमोर पाहिलं. दत्तूअण्णा माळकरी, त्यांना ते फार लागलं. शेठ म्हणाले, दुसऱ्या पाळ्यांतली दोन माणसं हीच काच चालवतात, त्यांच्या हातून असं होत नाही, म्हणजे काच ठीक आहे आणि माणूस बिघडलाय. उद्यापासून यांना पोत्यांवर घालतो. मी कशीबशी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. का मागितली ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की बारा वर्षं मिल चालवलेला माणूस उगाच दुसऱ्यांदा दाबणार नाही. दाबलं ते माझ्या दोन ठोक्यांनंतर.

मी दत्तूअण्णांना बाहेर नेऊन विचारलं. ते म्हणाले, "अक्का, म्या बंदच करायलो होतो. हातानं परत कामून दाबलं, मला बी कळंना झालंय."

त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. मी निघाले तर दारात शांताबाई उभी. ती रडत नव्हती, भांडत नव्हती. मला वाटतं भांडली असती तर सोपं गेलं असतं.

"अक्का, मशीन तुमची हाय," ती म्हणाली. "उद्या ह्यांना खाली उतरू देऊ का न्हाई, तेवढं सांगा."

उद्या बघू, असलं काहीतरी पुटपुटून मी रिक्षा केली. माझी मावसबहीण गुलबर्ग्यातच राहते, तिच्याकडं उतरले होते. तिनं ज्वारीची भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी पुढं ठेवली, आणि मी भाकरीवर बोट दाबत बसले. एकदा दाबायचं, दोनदा दाबायचं. बहिणीनं विचारलं, खायलीस का मोजायलीस? मुळात मी घाबरट. लहानसहान गोष्टींना घाबरायची सवय असली की खरी भीती येते तेव्हा तिच्यासाठी वेगळं काही शिल्लक राहत नाही. नागप्पाचा हात, मान, तो गमछा, एवढंच डोळ्यासमोर यायचं.

दुसऱ्या दिवशी मिल बंद ठेवायला लावली आणि दत्तूअण्णांना घेऊन काचेपुढं उभी राहिले. ते पडद्याकडं बघून दाबत होते तोवर एकदाही चुकले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, पट्टा अडल्यावर ते पडद्याकडं बघतच नाहीत. कोण बघेल? माणूस खड्ड्यात उतरतोय, नजर तिकडंच राहणार. तेव्हा काय झालं ते फक्त बोट सांगतं. मी त्यांना खड्ड्याकडं बघत दाबायला सांगितलं. दाबलं, टक-टक झालं, आणि बोट आपोआप पुन्हा खाली गेलं. त्यांनी स्वतःच्या हाताकडं असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच आहे.

कारण काही केल्या सापडत नव्हतं. चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलत बसलो. मिलमध्ये येण्याआधी काय करत होता म्हणून विचारलं तर म्हणाले, बैलबाजारात दलाली. पोरवयापासून वडिलांसोबत. मग बाजार बसला, बैलच राहिले नाहीत, म्हणून इकडं आले. टॉवेलाखाली हात घालून बोटांनी भाव करायचा तो बाजार. मी लहानपणी भालकीकडं लांबून पाहिला होता. बायकांना जवळ जाऊ देत नसत. नुसतं कुतूहल म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्यांचं मन जरा दुसरीकडं जावं म्हणून, मी हात पुढं केला आणि म्हटलं, मला दाखवा.

ते आधी लाजले. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला. माझी दोन बोटं मुठीत घेऊन दाबली. हा भाव, म्हणाले. आता मी काय करायचं, मी विचारलं. पटला असेल तर हात तसाच धरून ठेवायचा, हलवायचा नाही, म्हणाले. आणि नसेल पटला तर? त्यांनी अंगठ्याच्या टोकानं माझ्या बोटावर दोनदा टोचलं. टक-टक.

"म्हणजे न्हाई पटलं. परत बोल."

बोलता बोलताच ते थांबले. टॉवेलाखाली आमचे हात तसेच राहिले. मग ते हळूच म्हणाले, "ही काच मला न्हाई म्हणायलीय व्हय?"

मला हसूही आलं आणि दरदरून घामही फुटला. मी 'झालं' म्हणून जे उत्तर नेमून दिलं होतं, ते या माणसाच्या बोटाला पोरवयापासून 'नाही' म्हणून ठाऊक होतं. नजर दुसरीकडं, जीव टांगणीला, अशा वेळी बोटानं जुनंच ऐकलं. पट्टा बंद व्हायचं नाही म्हणतोय असं समजून पुन्हा दाबलं.

कारण कळलं की काम संपलं असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तासभर तसंच वाटलं. ठोके तीन करून पाहिले, तर दत्तूअण्णा म्हणाले, हे तर लईच भांडायलंय. एकच लांब थरथर दिली, धरून ठेवलेल्या हातासारखी. मिल बंद असताना ती सुरेख लागली, मिल चालू केली आणि जमिनीच्या हादऱ्यात बुडून गेली. चालू आणि बंदची बटणं वेगळी करायला लावली. ती वेगळी झाली, पण काचेवर शेजारीशेजारीच. डोळे खड्ड्याकडं आणि बोट तेलकट, तर हाताला कुठलं बटण कुठलं हे कसं कळणार? दत्तूअण्णांचाच कशाला, माझा हातसुद्धा दोनदा चुकला. आणि ज्यांच्या हातून अजून चूक झाली नव्हती त्या दोघांच्या बोटांत कुठला बाजार दडलाय, ते मला कुठं ठाऊक होतं?

मी कंपनीत फोन केला. म्हटलं, पट्टा बंद करायचं काम काचेवर ठेवू नका. काचेशेजारी एक लोखंडी दांडा बसवा, खाली ओढला की खालीच अडकून राहणारा. हाताला न बघता सापडेल आणि ओढला की ओढलाच. लाल बटणापुढची पोतीही हलवायला लावते. साहेब शांतपणे म्हणाले, आपण काच विकतो, दांडे नाही. सगळी मिल एका काचेवर, असं सांगून हे काम घेतलंय. शिवाय तुमच्या विभागानंच कबूल करायचं की आमचं उत्तर चालत नाही? मी म्हटलं, इथं चालत नाही. चाचणी पूर्ण झाल्याच्या कागदावर मी सही करणार नाही. असं मी नोकरीत त्याआधी कधी बोलले नव्हते. पुढं त्यांनी मला मोठी कामं दिली नाहीत. राग आला नाही असं म्हणणार नाही. ज्या कलेवर मी जीव ओतला, ती इथं नको असं सांगणारी मीच, याचं वाईट जास्त वाटलं.

शेठना समजावणं त्याहून अवघड गेलं. बैलबाजार सुटून इतकी वर्षं झाली, तो हातात राहतो होय, असं ते हसून म्हणाले. पण नागप्पाचा गमछा त्यांनीही पाहिला होता. मिलच्या लोहारखान्यातून दांडा करून घेतला. ते मात्र ठासून म्हणाले, मॅडम, पट्टा माझ्यासमोर अडू द्या, माझ्यासमोर मोकळा होऊ द्या. दत्तूचं काय करायचं ते मग ठरवतो.

नवी तूर आली. मिल सुरू झाली आणि आम्ही सगळे पट्टा अडायची वाट बघत उभे राहिलो. असली वाट बघणं वाईट. अडू नये असं वाटायचं आणि एकदाचा अडून संपू दे असंही वाटायचं. दुपार कलता कलता डबे कचकचले, पट्टा अडला. दत्तूअण्णांनी दांडा ओढला, सगळं थांबलं. नागप्पा खड्ड्याच्या काठाशी आला आणि तिथंच उभा राहिला. शांताबाई निवडण टाकून त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती. नागप्पानं शेठकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कुणी त्याला उतर म्हणेना.

दत्तूअण्णांनी दांडा वर सारला. पट्ट्यानं कचकचून एक हिसका दिला. मग त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून नागप्पाच्या हातात दिला आणि मला जवळ बोलावून कानाशी तोंड आणलं.

"तुमी ओढा, अक्का. म्या उतरतो."

मी नको म्हणाले. मी यंत्र चालवणारी नाही, ते माझं काम नाही, असलं बरंच काही म्हणाले असेन. ते ऐकू आलं नसावं, किंवा आलं असलं तरी ते खड्ड्याच्या दिशेनं निघालेच होते. मी दांडा ओढला. लोखंड हाताला गार लागलं, दांडा खाली गेला आणि खटकन अडकला. पट्टा थांबला. दत्तूअण्णा खाली उतरले, वाकले, त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत डब्यांमध्ये गेले.

त्यांनी घाई केली नाही. मूठमूठ माल काढत राहिले. बाकीची मिल गरगरत होती, पायाखाली जमीन हादरत होती, शेठ माझ्या शेजारी उभे राहून काहीतरी म्हणत होते. दांडा आपोआप अडकून राहतो, धरून ठेवायची गरज नाही. मला हे ठाऊक होतं, मीच तो तसा मागून घेतला होता. तरी मी दोन्ही हातांनी तो खाली दाबून धरला होता आणि त्या वाकलेल्या पाठीवरून नजर काढत नव्हते.

दत्तूअण्णा वर आले. कोपरापर्यंत तुरीची भुकटी. शांताबाईनं पदर तोंडाला लावला. शेठनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मग मिलकडं बोट करून चालू करायची खूण केली. दत्तूअण्णा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सोडा आता."

मला सोडायचं होतं, पण बोटं सुटेनात. ते जरा थांबले. मग आपल्या तेलकट, भुकटीनं भरलेल्या हातानं त्यांनी माझी बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवली.